चार बोटांची चूक

"आत चल गो बाय, आत चल. नव्या नवरीसारखी काय लाजतेस?"

ठकूनं पेटीत भाकरीचा तुकडा टाकला आणि तांबी मुकाट आत गेली. आत जाऊन वळली आणि जाळीच्या दाराकडे तोंड करून उभी राहिली. कुणालीनं फोटोसाठी मोबाइल समोर धरला, तो तसाच धरलेला राहिला.

"काका, जरा इकडे येता?"

जयराम कडीला तेल घालत होता. उठून आला आणि वाकून पाहिलं. तांबीच्या कानांची टोकं पेटीच्या छताला टेकली होती. दोन्ही कानांची. नियम असा की उभ्या कुत्र्याच्या कानावर चार बोटं मोकळी हवीत. ती दिसली नाहीत तर विमानवाले पेटी दारातूनच परत पाठवतात. आणि विमान उद्याचं होतं.

आता हे कुत्र्यांचं आणि विमानाचं काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण शहापूर-मुरबाडकडची अर्धी माणसं अजून ते ऐकून हसतात. कुणाली गुरांच्या डॉक्टरची मुलगी. ठाण्यातली नोकरी सोडून तिनं किन्हवलीच्या पुढे वडिलांच्या माळावर पत्र्याची शेड टाकली आणि हायवेवर ठोकरलेली, घाटात सोडून दिलेली कुत्री आणायला सुरुवात केली. बरी झालेली कुत्री द्यायची कुणाला, हा खरा प्रश्न. लोकांना जातिवंत कुत्रं हवं, तेही पिल्लू, तेही गोंडस. गावठी, थोराड, त्यातून एखाद्या डोळ्यानं अधू असलं तर लोक फक्त "अरेरे" म्हणतात आणि पुढे जातात. मग कुणालीला कुणीतरी वाट दाखवली. परदेशात अशी कुत्री घेणारी माणसं आहेत. लस, कातडीखाली बसवायची चिप, रक्ताची तपासणी, त्यानंतर तीन महिने थांबणं, शेवटी सरकारी दाखला, आणि कुत्र्याला बरोबर नेणारा एखादा प्रवासी. एवढं सगळं जुळलं की कुत्रं साता समुद्रापार जातं.

आणि ते ज्या पेटीतून जातं ती पेटी जयराम करायचा.

जयराम तीस वर्षं भातसानगरला धरणाच्या वर्कशॉपमध्ये सुतारकाम करत होता. निवृत्त झाल्यावर गावात त्याच्याकडे दारं-खिडक्या यायच्या. कुणालीनं पहिली पेटी सांगितली तेव्हा गावच्या सावळारामनं पारावरून विचारलंच, "काय जयराम, आता कुत्र्यांसाठी पालखी का रे?" जयराम म्हणाला, "पालखी नाय, डबा. पास काढून जातात ती." लोक हसले, त्यानं हसू दिलं. पण मनातून त्याला या कामाची गोडी लागली होती. माणसं दाराचं माप सांगतात ते अंदाजानं. इथं मात्र जिवंत प्राण्याचं माप घ्यायचं, नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत, पायापासून कानाच्या टोकापर्यंत. उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे, पाय पसरून झोपता आलं पाहिजे. "एवढं तर आमच्या चाळीच्या खोलीत पन नव्हतं," असं तो म्हणायचा. एकवीस पेट्या गेल्या होत्या आणि एकीतही खोट निघाली नव्हती.

"हिचा माप मीच घेतला," जयराम आता म्हणाला. त्यानं टेप काढला, जाळीतून आत सारला. सत्तावीस इंच. खिशातली वही उघडली. दिवाळीनंतरची नोंद, तांबी, उंची चोवीस. "चोवीसची सत्तावीस कशी झाली? ही वाढली का काय?"

"काका, ती चार वर्षांची आहे. आता कुठली वाढते?"

"वाढली नाय," ठकू मागून म्हणाली. "मान वर केलीन तिनं."

ठकू जवळच्या वाडीतली. शेडवर साठ कुत्र्यांचं रांधायची. बोलायची कमी, पण बोलली की समोरच्याला पुढे काही सुचायचं नाही.

तांबी आली होती ती कसाऱ्याजवळच्या एका बंद पडलेल्या ढाब्यावरून. मालक गेला, कुत्री तशीच राहिली, लाकडी बाकड्याखाली हातभर साखळीनं बांधलेली. बाकडं एवढं बुटकं की तिला कधी पुरतं उभं राहता आलं नसावं. एक डोळा गेलेला. बरी झाल्यावर कुणालीनं तिला कुत्री दत्तक द्यायच्या कल्याणच्या तीन शिबिरांत नेलं. तिन्ही वेळा ती खुर्चीखाली जाऊन बसली. एकानं विचारलं, भुंकते का? राखणीला चालली असती. शेवटी मुरबाडकडच्या एका फार्महाउसवाल्यानं नेली, आणि आठव्या दिवशी कुणाली बघायला गेली तर ती पाण्याच्या टाकीखाली आखूड साखळीला. कुणाली तिला उचलून घेऊन आली आणि त्या दिवशी तिनं कुणाला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. जयरामनं माप घेतलं ते त्याच आठवड्यात. तांबी पोटात पाय घेऊन, मान पाठीच्या रेषेत टाकून, कान चिकटवून उभी होती. त्यानं कानाच्या टोकापर्यंत प्रामाणिकपणे मोजलं. चोवीस.

"कधीपास्ना मान वर करते ही?" त्यानं ठकूला विचारलं.

"तुमी माप घेऊन गेलात ना, तवापास्ना. ताटली ठेवली का जमिनीला नाक लावून सरपटत यायची. मला बघवंना. मंग मी ताटलीखाली एक वीट ठेवली. पंधरा दिसांनी दुसरी. मंग तिसरी. आता सात झाल्यात."

जयरामनं शेडच्या कोपऱ्यात पाहिलं. सात विटांचा एक मनोरा होता खरा. तो त्यानं कितीदा पाहिला होता, आणि चुलीचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिला होता.

"मग मला सांगायचं नाय?"

"काय सांगू?" ठकू म्हणाली. "कुत्री मान वर करून जेवते, असा सांगत जाऊ सुताराच्या घरी?"

पेटी तीन महिने इथेच होती, तांबी तीत रोज झोपायची, पण वेटोळं करून. आत उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. त्यानंही पुन्हा माप घेतलं नव्हतं. एकदा मोजलेलं परत मोजणं त्याला कमीपणाचं वाटायचं. आता नडलं ते हेच.

कुणाली फोनवर बोलून आली. तिचा चेहरा उतरला होता. "विमानाचा एजंट म्हणतो, असा फोटो पाठवूच नका. आणि उद्याचं चुकलं तर पुढे उन्हाळा. उन्हाळ्यात ते कुत्री घेत नाहीत. म्हणजे पावसाळा संपल्यावर. दाखला पुन्हा, प्रवासी पुन्हा शोधा. एल्सबाई बहात्तर वर्षांच्या आहेत काका. त्या म्हणाल्या होत्या, मला हे वर्ष आहे, पुढचं मी कुणाला कबूल करत नाही."

तांबीला घरी घेणार होत्या त्या या एल्सबाई, हॉलंडच्या. त्यांचं घर समुद्राच्या बांधाखाली होतं. महिन्यापूर्वी व्हिडिओवर त्यांनी घर दाखवलं, मग मोबाइल घेऊन बांधावर चढल्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गाव, आणि गाव समुद्रापेक्षा खाली! जयराम त्या दिवशी शेडवरच होता. धरणावर तीस वर्षं काढलेला माणूस, पण तो आ वासून बघत राहिला. पाणी वर, माणसं खाली, आणि माणसं निवांत सायकली चालवतायत. त्यानं कुणालीला विचारायला लावलं, "पाणी झिरपत नाय का?" एल्सबाई हसून म्हणाल्या, झिरपतं, पण राखणारी माणसं आहेत, रोज बघतात. जयराम म्हणाला, "सांग त्यांना, आमी पन तेच करायचो." तेव्हापासून त्या न पाहिलेल्या बाईशी त्याचं काहीतरी नातं जुळलं होतं.

"गाडी किती वाजता निघनार?" त्यानं विचारलं.

"उद्या दहाला."

"पेटी माझ्या टेम्पोत टाक. चार बोटं वाढवून आनतो."

म्हणायला सोपं होतं. छत काढायचं, चारही बाजूंनी चार बोटांची चौकट चढवायची, वर छत पुन्हा बसवायचं. पण चौकट प्लायची चालत नाही, काठात स्क्रू धरत नाही, प्लाय फुटतो. लाकूडच हवं, आणि परदेशी जाणाऱ्या पेटीला साधं लाकूड चालत नाही. भट्टीत तापवलेलं हवं, तसा शिक्का मारलेलं, म्हणजे कीड तिकडे जात नाही. जयराम ते लाकूड वाशिंदच्या भंगारवाल्याकडून आणायचा. कारखान्यांत बाहेरून यंत्रं येतात, त्यांच्याखालच्या फळ्यांवर तो शिक्का भाजलेला असतो. त्यानं भंगारवाल्याला फोन लावला.

"जयरामभाऊ, कालच सगळा माल उचलला एकानं. रिसॉर्टचं कुंपण करतोय तो. एक फळी नाय शिल्लक. पुढच्या आठवड्यात बघू."

वरातीमागून घोडं काय कामाचं! जयरामनं फोन ठेवला. दुपारचे दोन वाजले होते. त्यानं पडवीत सगळं उलथंपालथं केलं. तुकडे होते, पण एकही हातभरापेक्षा लांब नाही. दमून तो अंगणात आला आणि उभा राहिला. समोर भिंतीला लागून बाक होता.

तो बाक त्याच्या बापाचा, यमाजीचा. सहा वर्षांपूर्वी जयरामनं वाशिंदच्या पहिल्या फळ्यांतून केलेला. चार लांब फळ्या, प्रत्येक चार बोटं रुंद. जयरामनं खाली वाकून पाहिलं. पुढच्या दोन फळ्यांच्या पोटाला काळे शिक्के स्पष्ट होते. मागच्या दोनवर काहीच नव्हतं.

यमाजीनं अठराव्या वर्षी दीक्षा घेतली होती. मेलेली ढोरं ओढायचं त्या दिवसापासून बंद. गावानं दोन वर्षं मजुरी दिली नाही, तर तो कसाऱ्याला रेल्वेच्या खडीवर गेला, पण मागे फिरला नाही. तीन मुलं शिकवली. जयंतीला उभा राहून सांगायचा, ताठ मानेनं जगा रे. आणि ते सांगताना त्याची स्वतःची मान खाली असायची. पाटलांच्या आळीतून जाताना तर नजर पायांच्या अंगठ्यावर. जयराम लहानपणी चिडायचा. एकदा त्यानं विचारलं, तेव्हा बाप म्हणाला होता, "मन कवाच वर आला रे. मानेला सवय नाय."

म्हातारपणी जयरामनं हा बाक केला, बापानं ऐटीत टेकून बसावं म्हणून. यमाजी बसला, पण काठावर. पुढच्या दोन फळ्यांवर, कुणी ऊठ म्हणालं तर लगेच उठता यावं असा. "बाबा, टेका की मागं." "बरा हाय असाच." चार वर्षं तो तसाच बसला आणि दोन वर्षांपूर्वी गेला. पुढच्या दोन फळ्या त्याच्या बसण्यानं गुळगुळीत झाल्या होत्या. मागच्या दोन अजून खरखरीत.

जयरामनं पाना आणला आणि पहिला बोल्ट फिरवला.

आवाजानं रत्ना, त्याची बायको, बाहेर आली. "ह्ये काय करता? बाबांचा बाक हाय तो."

"म्हायताय."

"कुत्रीसाठी?"

बोल्ट गंजला होता, जोर लावावा लागत होता. मग पाना खाली ठेवून त्यानं तिला सगळं सांगितलं. ढाब्याचं बाकडं, पाण्याची टाकी, ठकूच्या सात विटा. सांगता सांगता त्याला स्वतःचंच नवल वाटलं. "चार महिन्यांत गो. चार महिन्यांत तिची मान तीन इंच वर आली. मी फसलो, पन मला राग येत नाय. मी तिथं उभा राहून नुसता बघत होतो." बापाची आणि कुत्रीची एका तोंडानं गोष्ट करतोय याची त्याला क्षणभर लाज वाटली. मग वाटलं, लाज कसली? बापाच्या ताटाखाली गावानं कधी एक वीट ठेवली होती का? ठेवली असती तर त्यानंही केली असती की मान वर. कदाचित हिच्याहून लवकर.

रत्ना बाकाकडे बघत राहिली. सासऱ्याचं दुखणं तिनंच काढलं होतं. त्या फळ्यांवर तिचाही हक्क होता, आणि ती नको म्हणाली असती तर जयरामनं पाना ठेवला असता.

"बाबा असते तर काय म्हनाले असते?" त्यानं विचारलं.

"काय म्हननार," ती म्हणाली. "उठून उभे राहिले असते. तसे पन काठावरच बसायचे, उठायला टाइम नसता लागला."

दोघंही हसले. मग तिनं पदर खोचला आणि फळीचं दुसरं टोक धरलं.

संध्याकाळी उजेड होता तोवर काम झालं. दोन फळ्यांची चौकट पेटीला अशी बसली की जणू पहिल्यापासून तिथंच होती. शिक्का बाहेरून दिसेल असा ठेवला. गुळगुळीत बाजू आत आली. रंधा मारायची गरज नव्हती, ते काम बापानं आधीच करून ठेवलं होतं.

सकाळी शेडवर पेटी उतरवली. तांबी आत गेली, वळली, उभी राहिली. आणि मान वर केली. जयरामनं टेप काढला नाही. गुडघ्यावर बसून त्यानं हात आत घातला, तळवा आडवा करून तिच्या कानांवर धरला. चार बोटं बसली, वर छत. तांबीनं नाक वर करून नव्या फळीचा वास घेतला, बराच वेळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्या लाकडात तिला काय कळलं कोण जाणे. जयराम ओल्या डोळ्यांनी तसाच बसून राहिला, आणि कुणालीनं फोटो काढला त्यात त्याचा हातही आला.

एजंटचा निरोप आला, ठीक आहे, पाठवा.

गाडी निघताना ठकूनं मनोऱ्यावरची एक वीट उचलून आणली. "ही पन दे तिच्यासंगत. तिकडं वीट भेटते का नाय कोनाला म्हायती?"

"मावशी, विमानात वीट?" कुणालीला हसू आणि रडू एकदम आलं. "मी लिहिते बाईंना, ताटली उंच ठेवा म्हणून."

"किती उंच, ता पन लिही. सात."

गाडी सरळगावच्या वळणाला गेली. ठकू वीट हातात घेऊन उभी होती, मग ती तिनं जागेवर नेऊन ठेवली आणि चूल पेटवायला गेली. एकोणसाठ कुत्री भुकेली होती.

नऊ दिवसांनी कुणाली जयरामच्या घरी आली, मुद्दाम, फोटो दाखवायला. रत्नाही बाहेर आली. पहिल्या फोटोत स्वयंपाकघर होतं आणि जाड पुस्तकांचा ढीग, त्यावर ताटली. एल्सबाईंनी लिहिलं होतं, माझ्याकडे विटा नाहीत, सात मोठी पुस्तकं आहेत. दुसऱ्या फोटोत बांध होता. वारा असावा, कारण गवत एका अंगाला झोपलं होतं. बांधाच्या अगदी माथ्यावर तांबी उभी. मागे समुद्र, खाली गाव, आणि तिची मान त्या दोन्हींच्या वर. अधू डोळ्याची बाजू कॅमेऱ्याकडे होती. ती लपवायचं काही कारण तिला वाटलेलं दिसत नव्हतं.

जयराम कितीतरी वेळ बघत राहिला. एवढं मोठं आभाळ त्यानं कधी एका कुत्र्यामागे पाहिलं नव्हतं.

"बसा ना काका, उभे का?" कुणाली म्हणाली.

तो मागे सरकून बाकाशी गेला. पुढच्या दोन फळ्या नव्हत्या, नुसता सांगाडा होता. नव्या बसवायच्या राहूनच गेल्या होत्या. काठावर बसायला आता जागा नव्हती. जयराम मागच्या खरखरीत फळ्यांवर पुरता मागे सरकून बसला, भिंतीला पाठ टेकली. मान आपोआप भिंतीला लागली आणि समोरचा रस्ता सरळ दिसायला लागला. पाटलांच्या आळीपर्यंत.

रत्ना चहा घेऊन आली. त्याला तसं बसलेलं पाहून ती उंबऱ्यातच थोडी थांबली. मग तिनं कप त्याच्या हातात दिला.